बुकिंग करावं की यार्डातली गाडी उचलावी?

२०२५ च्या सप्टेंबरातले पहिले तीन आठवडे वाहन विक्रेत्यांना फार जड गेले. लोक शोरूममध्ये येत होते, गाडीत बसून पाहत होते, कोटेशन घेत होते आणि घरी जात होते. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबरला नवे दर जाहीर केले होते, ते लागू होणार होते २२ तारखेला. मधे पितृपक्ष, आणि २२ ला घटस्थापना. छोट्या मोटारींवरचा २८ टक्के कर आणि वरचा अधिभार जाऊन सरसकट १८ टक्के होणार होता, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी २८ वरून १८ वर आणि ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्क्यांवर येणार होते. अशा वेळी कोण कशाला २१ तारखेला गाडी उचलेल?

त्या दिवसांत ज्यांनी ऑगस्टातच बुकिंग करून ठेवलं होतं, ते सगळे एकच प्रश्न विचारत होते : आम्हाला जुना दर की नवा? उत्तर त्यांच्या बाजूचं निघालं. कर बुकिंगच्या तारखेवर ठरत नाही, बिलाच्या तारखेवर ठरतो. बिल २२ ला किंवा नंतर झालं, तर दर नवा. पण हाच नियम उलटही चालतो. बुकिंग फॉर्मवर बारीक अक्षरात बहुधा एक ओळ असते, की डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत असेल ती ग्राहकाला लागू राहील. म्हणजे सहा महिने वेटिंगमध्ये काढले आणि मधे जानेवारीची भाववाढ आली, तर ती बुकिंगवाल्याच्या खिशातून जाते. यार्डात उभी असलेली गाडी घेणाऱ्याला ही चिंता नसते. त्याच्या चिंता वेगळ्या असतात.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा ऐरणीवर येतो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा, आणि कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले की. घेणारे सगळ्या प्रकारचे असतात : रोलिंग मिलमध्ये माल वाहणारा ठेकेदार, बियाणे कंपनीतला नोकरदार, अंबड-घनसावंगीकडचा मोसंबीचा बागायतदार, भोकरदनचा शिक्षक. प्रत्येकाला शोरूममध्ये तेच दोन पर्याय मिळतात. ‘ही पांढरी आत्ता आहे, उद्या पासिंगला टाकू. तुम्हाला पाहिजे तो रंग पाहिजे तर बुकिंग करा, दोन-तीन महिने लागतील.’ निर्णय तिथल्या तिथे, बहुतेकदा घरच्यांच्या उत्साहात होतो. तो थोडा थंड डोक्याने करता यावा, यासाठी ही मांडणी.

बुकिंग म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे बुकिंग केलं म्हणजे कारखान्यात आपल्या नावाने गाडी बनायला घेतली, असं अनेकांना वाटतं. तसं क्वचितच होतं. कंपनी डीलरांच्या मागणीनुसार आणि स्वतःच्या अंदाजानुसार व्हेरिएंट आणि रंग ठरवून गाड्या बनवते आणि डीलरांना वाटून देते. ग्राहकाचं बुकिंग हा त्या डीलरच्या रांगेतला एक नंबर असतो. ट्रेलरमधून गाडी आली, की तिचा चेसिस नंबर रांगेतल्या एका नावाशी जोडतात. शोरूमच्या भाषेत याला अलॉटमेंट म्हणतात.

कारखाना जवळ असल्याने रांग लहान होत नाही. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाताना वाटेत शेंद्रा लागतं. तिथे २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात. वाळूजला बजाजचा मोठा कारखाना आहे. पण त्या फाटकातून बाहेर पडणारी गाडी आधी कंपनीच्या वाटपात जाते, मग डीलरकडे. शिवाय जिल्ह्याच्या गावातलं शोरूम पुष्कळदा मोठ्या शहरातल्या डीलरची शाखा असते, आणि स्टॉक मुख्य यार्डात असतो. म्हणून ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर शेवटचं मानू नये. मुख्य यार्डात आणि त्याच कंपनीच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या डीलरकडे चौकशी करावी. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने राज्यातल्या कोणत्याही नोंदणी कार्यालयात गाडीची नोंदणी करण्याची मुभा दिली आहे. मात्र एमएच-२१ चाच, म्हणजे जालन्याचाच, नंबर हवा असेल, तर ते बुकिंगच्याच वेळी सांगून लिहून घ्यावं. बाहेरचा डीलर आपल्या सोयीने एमएच-२० ला पासिंग करून मोकळा होतो.

दोन्ही रस्ते शेवटी एकाच ठिकाणी पोचतात : यार्डात उभी असलेली, चेसिस नंबर असलेली एक ठरावीक गाडी. फरक इतकाच, की स्टॉकमधली गाडी आज पाहता येते आणि बुकिंगची गाडी आल्यावर. त्यामुळे दोघांसाठी नियम एक : पूर्ण पैसे देण्याआधी चेसिस नंबर लिहून घ्यायचा आणि तीच गाडी डोळ्यांनी पाहायची.

थांबणं कधी परवडतं

थांबण्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे महिंद्राची स्कॉर्पिओ-एन. ३० जुलै २०२२ ला बुकिंग सुरू झालं. पहिल्या मिनिटात २५ हजार आणि अर्ध्या तासात एक लाख. बुकिंगची रक्कम होती २१ हजार. सुरुवातीची किंमत पहिल्या २५ हजार गाड्यांपुरती होती, पुढच्यांना डिलिव्हरीच्या वेळची. कंपनीने १५ ऑगस्टपर्यंत व्हेरिएंट बदलण्याची सोय ठेवली, आणि सप्टेंबरअखेर डिलिव्हरी सुरू झाल्यावर वरच्या झेड८-एल व्हेरिएंटला प्राधान्य दिलं. खालचं व्हेरिएंट निवडणाऱ्यांची रांग लांबली. त्या काळात चिपचा तुटवडा जगभर होता, त्याचाही हात होता.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. नव्या गाजलेल्या मॉडेलची ‘इंट्रोडक्टरी’ किंमत आपल्याला मिळेल असं धरून बजेट आखू नये. आणि वेटिंग सगळ्या व्हेरिएंटला सारखं नसतं. पेट्रोल-डिझेल, मॅन्युअल-ऑटोमॅटिक, वरचं-खालचं, प्रत्येकाची रांग वेगळी. सेल्समनला ‘वेटिंग किती’ असं मोघम विचारण्याऐवजी, याच व्हेरिएंटच्या किती बुकिंग आपल्या पुढे आहेत आणि गेल्या महिन्यात या व्हेरिएंटच्या किती गाड्या आल्या, हे विचारावं. दुसऱ्या आकड्याने पहिल्याला भागलं, की महिने आपोआप कळतात.

बुकिंग कोणी करावं? ज्याची जुनी गाडी अजून धड चालते. ज्याला एअरबॅग, सनरूफ, ऑटोमॅटिक गिअर अशी ठरावीक गोष्ट हवीच आहे आणि तिच्याशिवाय पश्चात्ताप होणार आहे. ज्याला गाडी आठ-दहा वर्षं वापरायची आहे, कारण इतक्या वर्षांपुढे तीन महिन्यांची वाट किरकोळ असते. आणि ज्या मॉडेलला मागणी इतकी आहे, की स्टॉकवर सूट मुळातच नाही.

बुकिंगची पावती घेताना त्यावर व्हेरिएंट, रंग, आजची एक्स-शोरूम किंमत, अंदाजे डिलिव्हरीचा महिना आणि बुकिंग रद्द केल्यास किती दिवसांत किती पैसे परत, हे पाचही मुद्दे हवेत. पैसे कंपनीच्या किंवा डीलरच्या अधिकृत खात्यावरच द्यावेत. सेल्समन कितीही ओळखीचा असला, गावातला असला, तरी त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर रक्कम टाकू नये. जुनी गाडी एक्सचेंजला देणार असाल तर आज ठरलेला भाव डिलिव्हरीच्या दिवशी टिकेल का, हेही पावतीवर यायला हवं. मधल्या काळात जुनी गाडी चालतच राहणार आणि भाव उतरणार.

यार्डातली गाडी स्वस्त का मिळते

डीलर गाड्या उधारीवर ठेवत नाही. तो कंपनीकडून त्या विकत घेतो, बहुधा बँकेचं कर्ज काढून, आणि गाडी उभी असेपर्यंत व्याज रोज चढत राहतं. वाहन विक्रेत्यांची देशव्यापी संघटना ‘फाडा’ स्टॉक साधारण २१ दिवसांच्या विक्रीएवढा असावा असं म्हणते. २०२४ च्या सप्टेंबरात प्रवासी वाहनांचा स्टॉक ८० ते ८५ दिवसांवर गेला होता. फाडाच्या अंदाजाने देशभरच्या यार्डांत ७ लाख ९० हजार गाड्या, सुमारे ७९ हजार कोटी रुपयांच्या, उभ्या होत्या. अशा वेळी घासाघीस करणाऱ्याचं पारडं जड असतं. ज्या गाडीला यार्डात तीन महिने झाले, तिच्यावर डीलर रोख सूट देतो, विम्यात कमी करतो, अ‍ॅक्सेसरीज टाकतो. यातली फक्त रोख सूट खरी मानून तुलना करावी. सीट कव्हर आणि मॅट बाहेर काय भावाने मिळतात, हे जालन्यात कोणीही सांगेल.

मात्र मोठी सूट दिसली, की तिचं कारण विचारायलाच हवं. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या वाहनांची विक्री आणि नोंदणी थांबवली. त्या दिवशी कंपन्या आणि डीलरांकडे सव्वाआठ लाखांच्या आसपास वाहनं पडून होती, बहुतेक दुचाकी. पुढच्या दोन दिवसांत काही मोटारसायकलींवर वीस हजारांपर्यंत सूट मिळाली आणि शोरूमबाहेर रांगा लागल्या. ज्यांनी ३१ मार्चपर्यंतचं बिल हातात घेतलं, त्यांचा व्यवहार पक्का झाला. २०२० मध्ये बीएस-४ च्या वेळी काही डीलरांनी उरलेल्या गाड्या मुदतीआधी स्वतःच्या नावावर नोंदवून नंतर विकल्या. अशी गाडी शून्य किलोमीटर असली तरी कागदावर घेणारा दुसरा मालक ठरतो. तिचा भाव जुन्या गाडीसारखाच व्हायला हवा. टेस्ट ड्राइव्हच्या डेमो गाडीलाही हेच लागू.

सूट देण्याची इतर कारणं साधी असतात : मॉडेलची नवी आवृत्ती येऊ घातली आहे, रंग खपत नाही, किंवा वर्ष संपत आलं आहे. यातलं शेवटचं कारण सगळ्यात महत्त्वाचं.

वर्षाचा हिशेब

गाडी जानेवारीत घेतली तरी ती आदल्या नोव्हेंबरात बनलेली असेल, तर आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष आदलंच छापलं जातं. वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून मोजतात, तिथे नुकसान नाही. पण पुढे विकताना जुन्या गाड्यांचा व्यापारी पहिला प्रश्न ‘कितीचं मॉडेल?’ हाच विचारतो.

म्हणून सूट पुरेशी आहे का, हे तपासायची एक सोपी रीत आहे. तेच मॉडेल, तेच व्हेरिएंट जुन्या गाड्यांच्या बाजारात चार वर्षांचं केवढ्याला आणि पाच वर्षांचं केवढ्याला जातं, हे दोन-तीन ठिकाणी विचारावं. दोन भावांतला फरक हीच त्या एका वर्षाची किंमत. आदल्या वर्षीच्या स्टॉकवरची रोख सूट त्या फरकापेक्षा जास्त असेल तर सौदा फायद्याचा, कमी असेल तर नव्या वर्षाचीच गाडी मागावी. दहा वर्षं गाडी ठेवणाऱ्याला हा फरक फारसा भोवत नाही. तीन-चार वर्षांनी बदलणाऱ्याला हमखास भोवतो.

उत्पादनाचं वर्ष लपवता येत नाही. चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि बहुतेक कंपन्यांमध्ये त्यातलं दहावं अक्षर वर्ष सांगतं : रोमन ‘पी’ म्हणजे २०२३, ‘आर’ म्हणजे २०२४, ‘एस’ म्हणजे २०२५, ‘टी’ म्हणजे २०२६. महिन्याचं अक्षर कंपनीप्रमाणे वेगळ्या जागी असतं. ते ओळखत बसण्यापेक्षा डीलरकडून फॉर्म २१, म्हणजे विक्री प्रमाणपत्र, पाहून घ्यावं. त्यात महिना आणि वर्ष दोन्ही स्पष्ट लिहिलेलं असतं.

गाडीजवळ उभं राहून

तपासणी भर दुपारी, उन्हात करावी. संध्याकाळी शोरूमच्या दिव्यांखाली रंगातला फरक दिसत नाही. गाडी धुतलेली नसली तर उत्तमच. दारं उघडून मधल्या खांबावरचा स्टिकर पाहावा आणि त्यावरचा चेसिस नंबर बुकिंगच्या कागदाशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. मग खाली बसून टायर पाहावेत. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाचही टायर, स्टेपनीसकट, साधारण एकाच काळातले हवेत आणि गाडीच्या उत्पादनाच्या महिन्याशी जुळायला हवेत. एखादाच टायर वेगळ्या तारखेचा निघाला, तर तो का बदलला, हे विचारावं.

उघड्या यार्डात उन्हाळा काढलेल्या गाडीची बॅटरी, दारांचे रबर आणि वायपर आधी खराब होतात. बॉनेट उघडून वायरिंगवर उंदरांनी कुरतडल्याच्या खुणा आहेत का, ते पाहावं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. अशा पावसाळ्यानंतर स्टॉकमधली गाडी घेताना मॅट उचलून खालचा गालिचा हाताने दाबून पाहावा, सीटच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का तेही. मीटरवर किती किलोमीटर आहेत ते टिपून घ्यावं. संभाजीनगरच्या यार्डातून जालन्याला चालवत आणलेली गाडी ६०-७० किलोमीटर दाखवेल, ते गैर नाही. तीनशे दाखवत असेल तर खुलासा हवा.

ही पाहणी पासिंगच्या आधी व्हायला हवी. नोंदणी क्रमांकाशिवाय गाडी शोरूमबाहेर देता येत नाही, त्यामुळे डिलिव्हरीच्या दिवशी गाडी आपल्या नावावर झालेली असते. त्या दिवशी ओरखडा सापडला तर दुरुस्ती मिळते, गाडी बदलून मिळणं अवघड. दसऱ्याला गाडी घरी न्यायची असेल तर पाहणी पितृपक्षातच उरकावी. त्या पंधरवड्यात शोरूम रिकामं असतं, माणसं निवांत बोलतात. मुहूर्तावर फक्त पूजा आणि पेढे ठेवावेत.

पैशांचा क्रम

कोटेशन एका ओळीत ‘ऑन-रोड’ म्हणून न घेता फोड करून घ्यावं. खासगी पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंत राज्याचा एकरकमी कर ११ टक्के, डिझेलवर १३ टक्के. म्हणजे नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ९९ हजार, ते कोटेशनशी जुळायला हवेत. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस लागतो, तो पुढे आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. विमा डीलरकडूनच घ्यायचा, अशी कायद्याची सक्ती नाही. मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो. गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र दोन-तीन ठिकाणी विचारून घेतला तर काही हजार वाचतात. ‘हँडलिंग चार्जेस’ ही सरकारी फी नाही. ती ओळ दिसली तर काढायला सांगावी.

कर्ज असेल तर बँकेला स्पष्ट सांगावं, की चेसिस नंबर मिळाल्याशिवाय रक्कम डीलरकडे वर्ग करू नये. रक्कम गेली की व्याज सुरू, गाडी येवो न येवो. मंजुरी आधी घेऊन ठेवायला हरकत नाही.

एकत्र येऊन घेण्याचं बळ मराठवाड्याने एकदा मोठ्या प्रमाणावर दाखवलं आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, खरेदीदारांनी मिळून एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. स्टेट बँकेने त्यांना ७ टक्क्यांनी कर्ज दिलं. सवलत कंपनीकडून मिळाली तशी बँकेकडूनही. गावातल्या चार जणांना एकाच हंगामात ट्रॅक्टर किंवा पिकअप घ्यायची असेल, तर चौघांनी एकत्र जाऊन डीलर आणि बँक दोघांशी बोलण्यात काही गैर नाही.

ट्रॅक्टर घेणाऱ्यांसाठी

ट्रॅक्टरच्या बाबतीत घाई सगळ्यात महाग पडते ती अनुदानामुळे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेत अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ट्रॅक्टरसाठी सव्वा लाखापर्यंत आणि इतरांना एक लाखापर्यंत अनुदान असतं. पण खरेदी पूर्वसंमतीनंतरच करावी लागते. स्टॉकमध्ये ट्रॅक्टर आहे, पोळा जवळ आला आहे, म्हणून आधी उचलला, तर ते अनुदान हातचं जातं. अर्ज केला असेल तर पूर्वसंमतीचं पत्र येईपर्यंत थांबावं, आणि घ्यायचं मॉडेल योजनेत बसतं का, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावं.

ज्याला अनुदान मिळणार नाही आणि पेरणी तोंडावर आहे, त्याने स्टॉकमधला घ्यावा. तिथे किलोमीटरऐवजी तासमीटर पाहायचा. प्रात्यक्षिकाला वापरलेल्या ट्रॅक्टरवर तास जास्त दिसतात. टायरचा आकार आपल्या अवजारांना आणि मोसंबीच्या दोन ओळींतल्या अंतराला जुळतो का, हे शोरूममध्येच मोजून घ्यावं.

अडचण आलीच तर

ठरलेल्यापेक्षा जुनी गाडी दिली, बुकिंगची रक्कम परत केली नाही किंवा पावतीतली मुदत उलटून महिने गेले, तर आधी डीलरला आणि कंपनीला लेखी कळवावं. फोनवरच्या बोलण्याला पुरावा राहत नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथेही मार्ग निघाला नाही, तर जालन्यात जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारांच्या तक्रारी तिथे चालतात, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकील देणं सक्तीचं नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. सोबत बुकिंगची पावती, कोटेशनची फोड, बिल, फॉर्म २१ आणि पाहणीच्या दिवशी मोबाइलवर काढलेले चेसिस नंबर, टायर आणि मीटरचे फोटो जोडावेत.